गोठ्यातली धूळ आणि परागज्वर

१८१९ सालच्या १६ मार्चला जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी लंडनमध्ये आपल्या व्यवसायबंधूंपुढे एका रुग्णाची हकिकत वाचून दाखवली. दर उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास, या गृहस्थाचे डोळे लाल होऊन चुरचुरू लागत, शिंकांमागून शिंका येत, नाक गळे, छाती आवळून श्वास अपुरा पडे. आणि ऋतू सरला की काही न करताही सगळे थांबे. वय ४६, दुखणे आठव्या वर्षापासूनचे. रुग्ण स्वतः बोस्टॉकच होते. पुढची नऊ वर्षे ते असेच रुग्ण धुंडाळत राहिले आणि एवढ्या खटपटीनंतर त्यांच्या हाती लागली ती जेमतेम २८ माणसे. १८२८च्या निबंधात त्यांनी एक गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवली. हे सगळे रुग्ण मध्यम किंवा वरच्या वर्गातले होते, काही तर बड्या घराण्यांतले. गरिबांच्या धर्मादाय दवाखान्यांत चौकशी करूनही तिथे नक्की म्हणावा असा एकही रुग्ण मिळाला नाही. आज आपण ज्याला परागज्वर किंवा सरळ ‘हे फीव्हर’ म्हणतो, त्या दुखण्याचे वैद्यकातले हे पहिले नीट वर्णन, आणि ज्या प्रश्नावर आजही वाद चालू आहे तो त्यात पहिल्याच दिवशी दडलेला आहे: ज्यांची राहणी सर्वांत नीटनेटकी, त्यांनाच हा त्रास का?

या प्रश्नाचे एक झटपट उत्तर हल्ली सगळीकडे ऐकू येते. आपण फार स्वच्छ झालो, जंतूंशी गाठ पडेनाशी झाली, म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती बिघडली. तेव्हा मुलांना थोडी घाण लागू द्यावी. माझ्या मते यात अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे मुलांच्या जिवावर बेतू शकते. गेल्या दोनशे वर्षांत माणसाच्या आयुष्यातून दोन वेगळ्या गोष्टी गेल्या. एक म्हणजे मैला मिसळलेले पाणी आणि त्यातून पसरणारे रोग. दुसरी म्हणजे जनावरांचा, गवताचा आणि मातीचा अंगाला लागून असलेला शेजार. या दोन्ही गोष्टी एका वेळी गेल्या नाहीत आणि एका कारणाने तर मुळीच गेल्या नाहीत. त्यांच्या तारखा वेगळ्या मांडल्या की दोष साबणाचा की गोठा सुटल्याचा, हे बरेच स्पष्ट होते.

बोस्टॉकनंतर या दुखण्याचा पाठपुरावा सर्वांत चिकाटीने केला तो मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही स्वतः याच त्रासाने पिडलेले. गवताचे परागकण त्यांनी स्वतःच्याच नाकात घालून पाहिले, कातडीवर खरवडून चोळले आणि उठलेल्या गांधी मोजल्या. हवेत पराग किती हे पाहायला त्यांनी चिकट द्रव फासलेल्या काचा उघड्यावर ठेवल्या. एवढ्याने भागेना म्हणून तशा काचा पतंगाला बांधून उंच सोडल्या आणि खाली आणून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजला. १८७३ साली त्यांचे पुस्तक आले आणि परागकण हेच कारण असल्याचे ठरले. पण या सिद्धतेने एक मोठी पंचाईत उभी केली, आणि ती त्यांनी लपवली नाही. पराग सर्वांत जास्त कोणाच्या नाकातोंडात जातो? गवत कापणाऱ्या, वाळवणाऱ्या, गंजी रचणाऱ्या शेतकऱ्याच्या. आणि हा रोग सर्वांत कमी कोणाला? त्याच शेतकऱ्याला. ब्लॅकलींनी दोन शक्यता मांडल्या: शिकलेल्या माणसाच्या मज्जासंस्थेत जी प्रवृत्ती तयार होते ती शेतकऱ्यात नसावी, किंवा सतत परागात वावरल्याने त्याच्या शरीराला त्याची सवय होत असावी. पहिली शक्यता त्या काळाच्या वर्गाभिमानातून आलेली आहे. दुसरी बरोबर दिशेने जाते, पण अपुरी आहे. कारण शेतकऱ्याकडे परागाखेरीज आणखी काय होते, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्याच्याकडे गाईगुरे होती.

आता तारखा पाहू. बोस्टॉक बोलत होते तेव्हा लंडनला धड गटारे नव्हती. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपातून कॉलरा पसरल्याचे जॉन स्नो यांनी दाखवले ते १८५४ साली. अभियंता बॅझलगेट यांची लंडनमधली भुयारी गटारे १८६५ साली रीतसर सुरू झाली. पिण्याच्या पाण्यात नियमित क्लोरीन घालणारे अमेरिकेतले पहिले शहर जर्सी सिटी, ते १९०८ साली. म्हणजे परागज्वर आला तो गटारांच्या, शुद्ध पाण्याच्या आणि जंतुसिद्धान्ताच्या आधी. उलट दमा आणि ॲलर्जी यांची ब्रिटनमधली मोठी लाट उसळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोपर्यंत शुद्ध पाणी घरोघर पोचून दोन पिढ्या झाल्या होत्या. स्वच्छ पाणी हे कारण असते, तर परिणाम पाण्याच्या पाठोपाठ दिसायला हवा होता. तो एकदा फार आधी दिसतो आणि एकदा फार उशिरा. गोठ्याशी आणि शेताशी असलेले नाते तोडणाऱ्या वर्गांकडे पाहिले की मात्र क्रम जुळतो: आधी शहरी, सुखवस्तू घराणी, मग मध्यमवर्ग, आणि शेवटी ट्रॅक्टर आल्यावर खेड्यातलीसुद्धा बहुसंख्य माणसे. यावर एक आक्षेप रास्त आहे. बोस्टॉकच्या लंडनमध्ये घोडे काही कमी नव्हते. रस्ते लिदीने भरलेले असत. मग त्या श्रीमंतांना जनावरांचा सहवास नव्हता असे कसे म्हणावे? माझे उत्तर असे की प्रश्न शहरात जनावरे होती की नाहीत हा नसून तान्हे मूल कुठे वाढत होते हा आहे. श्रीमंत घरातले मूल वरच्या मजल्यावर दाईच्या ताब्यात वाढे, घोडागाडीचा तबेला मागच्या गल्लीत असे. हा माझा तर्क आहे, पण पहिल्या वर्षाचे महत्त्व पुढे ज्या पुराव्याने ठरले त्याच्याशी तो सुसंगत आहे.

‘स्वच्छतेचा सिद्धान्त’ हे नाव ज्या निबंधामुळे रुळले तो १९८९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मार्च १९५८च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. तेविसाव्या वर्षापर्यंतच्या नोंदींत एक गोष्ट ठळक उठून दिसत होती: पाठीवर पाठ असलेल्या मोठ्या कुटुंबात, विशेषतः आधी मोठी भावंडे असतील तर, धाकट्याला परागज्वर कमी. स्ट्रॅकन यांनी सुचवले की लहानपणी भावंडांकडून होणारे संसर्ग संरक्षण देत असावेत, आणि लहान झालेली कुटुंबे व वाढलेली वैयक्तिक स्वच्छता यांमुळे ते संसर्ग घटले असावेत. निबंध अवघ्या दोन पानांचा आणि भाषा सावध. पण पुढे नावातला ‘स्वच्छता’ हाच शब्द लोकांनी उचलला आणि हात धुण्यावरच संशय घेतला. संसर्ग म्हणजे नेमके कोणते, हे शोधायला गेल्यावर गोवर, श्वसनमार्गाचे विषाणू यांसारख्या नेहमीच्या आजारांचे संरक्षण काही टिकाऊ ठरले नाही. श्वसनाचे काही विषाणू तर तान्ह्या वयात जोरात झाले की पुढे दम्याची शक्यता वाढलेलीच दिसते. म्हणून २००३ साली ग्रॅहम रूक या संशोधकांनी वेगळी मांडणी केली. आपली प्रतिकारव्यवस्था ज्यांच्या सोबतीने घडली ते गर्दीच्या शहरांतले रोग नव्हेत, कारण ते माणसाच्या इतिहासात फार उशिरा आले. तिच्या जुन्या सोबत्यांत माती, जनावरे, आईची आतडी आणि कातडी यांवरचे निरुपद्रवी सूक्ष्मजीव येतात. मला ही मांडणी अधिक पटते, कारण तिच्यात कॉलऱ्याला मित्र म्हणण्याची गरज पडत नाही.

जर्मनीच्या फाळणीने या प्रश्नाला एक अनपेक्षित कसोटी मिळवून दिली. बर्लिनची भिंत पडल्यावर एरिका फॉन म्युटियस या संशोधक डॉक्टर पूर्वेकडे गेल्या त्या एक साधी अपेक्षा घेऊन: कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लाइपझिगमध्ये दमा जास्त असणार, नेटक्या म्युनिकमध्ये कमी. निघाले उलटे. पूर्वेत खोकला आणि ब्राँकायटिस जास्त, पण दमा आणि परागज्वर पश्चिमेत जास्त. पुढच्या चारच वर्षांत, १९९१-९२ ते १९९५-९६ या काळात, लाइपझिगच्या शाळकरी मुलांतले परागज्वराचे प्रमाण २.३ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर गेले. इतक्या थोडक्या काळात कोणाची गुणसूत्रे बदलत नाहीत. बदलली ती राहणी. याच सुमारास स्वित्झर्लंडमधून शेतकऱ्यांच्या मुलांना परागज्वर फारसा होत नसल्याची निरीक्षणे पुढे आली आणि ब्लॅकलींचे कोडे सव्वाशे वर्षांनी पुन्हा उघडले गेले. आल्प्समध्ये आणि दक्षिण जर्मनीत जुन्या शेतघरांची बांधणीच अशी की एका छपराखाली माणसे आणि गुरे. मध्ये एक भिंत, वर गवताचा माळा. २००१ साली ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या ग्रामीण मुलांचा अभ्यास झाला. ज्या मुलांचा पहिल्या वर्षातच गोठ्याशी आणि घरच्या दुधाशी संबंध आला त्यांच्यात दमा १ टक्का, आणि हाच संबंध एक ते पाच या वयात आलेल्यांत ११ टक्के. गोठा तोच, गाई त्याच, फरक फक्त वयाचा.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. ज्यांना गवताने दम लागतो ते शेती सोडून शहराची वाट धरतात. मागे उरतात ते जात्याच धट्टेकट्टे, आणि त्यांची मुलेही तशीच. म्हणजे गोठ्याने काही केलेले नाही, गोठ्याने फक्त निवड केली. या आक्षेपाला सर्वांत नेटके उत्तर अमेरिकेतल्या दोन पंथांनी दिले. आमिश मूळचे स्वित्झर्लंडकडचे, हटराइट मूळचे टिरोलकडचे. दोघेही मध्य युरोपातून आलेले, दोघांची कुटुंबे मोठी, दोघांच्या घरात टीव्ही नाही, आणि दोघांचाही व्यवसाय शेतीच. फरक शेतीच्या पद्धतीत. आमिश माणूस आजही घोड्यांनी नांगरतो, थोड्या गाई पाळतो, आणि त्याचा गोठा घरापासून हाकेच्या अंतरावर असतो. पोरे तिथेच खेळतात. हटराइटांची शेती सामुदायिक आणि पूर्ण यांत्रिक आहे. गोठे वस्तीपासून दूर, लहान मुलांचे तिथे काम नाही. आधीच्या पाहण्यांत आमिश मुलांत दमा ५.२ टक्के तर हटराइटांत २१.३ टक्के आढळला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंडियाना राज्यातली ३० आमिश आणि साउथ डकोटातली ३० हटराइट मुले घेतली. पहिल्या गटात दम्याचा एकही रुग्ण नाही, दुसऱ्यात सहा. मग संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा केली. आमिश घरातल्या धुळीत जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन हे द्रव्य जवळजवळ सातपट होते. या धुळीचा अर्क काही आठवडे उंदरांच्या नाकात घातला, आणि मग त्यांच्यात दमा उत्पन्न करण्याचा प्रयत्न केला. आमिश धुळीने उंदीर वाचले. हटराइट धुळीने वाचले नाहीत. ज्या उंदरांची जिवाणू ओळखणारी यंत्रणाच जनुकीय बदलाने बंद केली होती, त्यांना आमिश धुळीचाही उपयोग झाला नाही. इथे निवडीचा आक्षेप लागू पडत नाही. उंदीर शेती सोडून गेलेले नव्हते.

हटराइट वस्त्या काही गलिच्छ नव्हेत आणि आमिश घरेही नव्हेत. दोन्हीकडे घर झाडले-पुसले जाते. म्हणून ‘घाण’ हा शब्द या चर्चेत दिशाभूल करतो. फिनलंड आणि रशिया यांच्यामधल्या करेलियातही हेच दिसते. महायुद्धात हा प्रदेश दुभंगला, १९४४ नंतर सरहद्द पक्की झाली आणि दोन्ही बाजूंचे दिवस वेगवेगळ्या वेगाने पुढे गेले. फिनिश बाजू शहरी, श्रीमंत झाली. पलीकडे पित्क्यारांताच्या परिसरात परसातली भाजी, कोंबड्या, लाकडाची घरे टिकली. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे झालेल्या अभ्यासांत फिनिश बाजूला ॲलर्जी कितीतरी जास्त आढळली. पण मला महत्त्वाचा वाटतो तो वयाचा तपशील: १९४०च्या दशकात जन्मलेल्यांत दोन्ही बाजूंचा फरक थोडा, आणि नंतरच्या प्रत्येक पिढीत तो रुंदावत गेलेला. केवळ रशियन डॉक्टर ॲलर्जीचे निदान करत नाहीत म्हणून हा फरक दिसतो, असेही म्हणता येत नाही. रक्ततपासणी आणि कातडीवरच्या चाचण्यांतही तो तसाच आहे.

शरीरात हे घडते कसे, याचे चित्र आता बरेच भरले आहे. प्रतिकारव्यवस्थेचे काम हल्ला करणे एवढेच नाही. कशावर हल्ला करायचा नाही हे ठरवणे तितकेच मोठे काम आहे, आणि त्यासाठी नियामक टी पेशी लागतात. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा धागा श्वासनलिकेच्या अस्तराचा. २०१५ साली बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी दाखवले की गोठ्यातल्या धुळीशी नित्य संबंध आला की अस्तराच्या पेशींत ए-ट्वेंटी नावाचे विकर वाढते आणि दाह आवरला जातो. ते विकर काढून टाकले की संरक्षणही जाते. म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे नेहमीचे वाक्य इथे नेमके उलटे पडते. ॲलर्जी हा वाढलेल्या, भलतीकडे वळलेल्या प्रतिकाराचाच रोग आहे. सूक्ष्मजीवांचा शेजार शिकवतो तो संयम.

तरीही सगळे हिशेब जुळतात असे नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत झुरळे, उंदीर, दमटपणा सगळे आहे, आणि दमाही भरपूर आहे. लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांत जंत आणि संसर्ग असूनही दमा कमी नाही. हे पुरावे गोठ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी झाकून ठेवू नयेत. मी त्यांचा अर्थ असा लावतो की गरिबी म्हणजे निसर्गाचा सहवास नव्हे. गर्दीच्या इमारतीत वाहनांचा धूर, तंबाखू, बुरशी आणि वारंवारचे विषाणू मिळतात. गवत, माती आणि गुरे मिळत नाहीत. पण दम्याचे काही प्रकार मुळात ॲलर्जीचे नसतात, आणि त्यांना ही उपपत्ती लागूच पडत नाही, हेही मान्य करायला हवे.

महाराष्ट्रात या विषयाला एक वेगळीच धार आहे. कोकणात अंगणापलीकडे गोठा, देशावर वाड्याच्या दरवाज्यातच बांधलेली जनावरे, शेणाने सारवलेली जमीन, दारात सडा: हा शेजार आपल्याकडे कालपरवापर्यंत होता. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत ५६ देशांतल्या मुलांचा दमा मोजला गेला. ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया वर आणि भारत तळाशी असलेल्या देशांत. या आकड्यांनी कुणाला जुन्या राहणीचा अभिमान वाटेल, तर त्याने त्याच राहणीची दुसरी नोंदही वाचावी. नवजात बाळाच्या कापलेल्या नाळेवर शेण किंवा राख लावण्याची चाल देशात अनेक भागांत होती आणि तिने धनुर्वाताची किती बाळे नेली याची गणती नाही. तो धनुर्वात आटोक्यात आला तो मातांना टोचलेल्या लशीने, निर्जंतुक पात्याने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाने. २०१५ साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. शेण तेच. गोठ्यातून उडून श्वासात आलेला त्याचा सूक्ष्म अंश आणि उघड्या जखमेवर लावलेला त्याचा लेप यांत जीवनमरणाचा फरक आहे. कच्च्या दुधाचेही तसेच. शेतघरातल्या दुधाने ॲलर्जी कमी होते असे युरोपातले आकडे म्हणतात, पण त्याच दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय येतो. आपल्याकडची दूध उकळण्याची रीत सोडण्याचे त्यात काहीच कारण नाही.

फिनलंडने यातून जे धोरण काढले ते मला समंजस वाटते. २००८ ते २०१८ या दहा वर्षांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांनी ‘ॲलर्जीकारक गोष्टी टाळा’ हा जुना सल्ला मागे घेतला आणि सहनशीलता वाढवण्यावर भर दिला. पाळणाघरांतली ॲलर्जीसाठीची विशेष पथ्ये निम्म्याच्या आसपास घटली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शहरी पाळणाघरांच्या खडीच्या आवारात जंगलातली माती, गवत आणि झुडपे आणून पसरली. तीन ते पाच वर्षांची मुले तिथे २८ दिवस खेळली आणि एवढ्यातच त्यांच्या कातडीवरच्या जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातली नियमनाची चिन्हेही बदलली. लस बंद केली नाही, जेवणाआधी हात धुणे बंद केले नाही.

आपल्याकडे हा बदल आत्ता, डोळ्यांदेखत चालला आहे. संकरित गाई, मुक्त संचार गोठे, वस्तीपासून दूर गेलेला दुधाचा धंदा, आणि त्याच गावात अजूनही दारात म्हैस बांधणारी घरे, असे दोन्ही प्रकार एकाच शिवारात सापडतात. आमिश आणि हटराइट यांच्यात संशोधकांनी जी तुलना केली ती इथे एका गावाच्या हद्दीत करता येईल: लशी त्याच, भाषा आणि आहार तोच, फक्त तान्ह्या बाळाचे गोठ्यापासूनचे अंतर वेगळे. घरातली धूळ, मुलांचे रक्त आणि दहा वर्षांचा पाठपुरावा एवढे त्याला लागेल. पण चूल आणि गोठा बहुधा एकाच घरात असतात आणि चुलीचा धूर फुप्फुसांचे जे नुकसान करतो ते गोठ्याच्या लाभाला सहज झाकून टाकेल. म्हणून गॅसची घरे आणि चुलीची घरे पहिल्यापासून वेगळी मोजावी लागतील.